पोटावर प्रोब ठेवण्याआधी: गर्भवतीची सोनोग्राफी सिम्युलेटरवर कशी शिकवावी

अँटेनॅटल (गर्भवतींच्या) ओपीडीचा दिवस. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बाकावर पंधरा-वीस जणी बसलेल्या. आत नुकतीच रुजू झालेली रेसिडेंट डॉक्टर बाळाचं फीमर शोधतेय. मांडीचं हाड दिसतं, निसटतं, पुन्हा दिसतं. तिचं सगळं लक्ष पडद्यावर आहे, त्यामुळे ती गप्प झाली आहे. टेबलावरची बाई पडद्याकडे पाहतच नाही, ती डॉक्टरच्या चेहऱ्याकडे पाहतेय. पाच मिनिटांनी ती हळूच विचारते, "मॅडम, बाळाला काही झालंय का?" बाळ अगदी ठीक असतं. डॉक्टरचा हात अजून बसलेला नसतो, एवढंच.

ती पाच मिनिटं त्या बाईच्या मनात घरी गेल्यावरही राहतात. म्हणून नव्या रेसिडेंटचे पहिले सहा आठवडे प्रोब (सोनोग्राफीचं हातात धरायचं उपकरण) आधी सिम्युलेटरवर, म्हणजे सोनोग्राफीची नक्कल करणाऱ्या यंत्रावर, फिरावा आणि मग पोटावर यावा, असा आग्रह मी धरते. हा लेख त्या सहा आठवड्यांचा आराखडा आहे. वैद्यकीय महाविद्यालयात, जिल्हा रुग्णालयात किंवा डीएनबी या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे विद्यार्थी असलेल्या मोठ्या खासगी रुग्णालयात जे शिकवतात त्यांच्यासाठी तो लिहिला आहे. रेसिडेंटनीही वाचावा, म्हणजे आपल्या विभागात काय मागायचं ते त्यांना कळेल.

सिम्युलेटरचा उपयोग खरंच होतो का, हा प्रश्न विभागप्रमुख विचारतातच. त्यावर मी कोपनहेगनचा प्रयोग सांगते. मार्टिन टोल्सगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३३ नव्या डॉक्टरांचे चिठ्ठी टाकावी तसे दोन गट केले. एक गट आधी ट्रान्सव्हजायनल (योनीमार्गातून करायची) सोनोग्राफी सिम्युलेटरवर शिकला, तीही ठरावीक तास नव्हे, तर अनुभवी डॉक्टरांची पातळी गाठेपर्यंत. दुसरा गट नेहमीसारखा थेट वॉर्डात शिकला. त्यानंतर दोन महिने दोन्ही गट खऱ्या पेशंटवर काम करत होते. दोन महिन्यांनी परीक्षा घेतली तेव्हा पहिल्या गटाला सरासरी ५९ टक्के गुण मिळाले आणि दुसऱ्याला ३८. हा निकाल २०१५ साली प्रसिद्ध झाला. पुढे याच गटाच्या मोठ्या अभ्यासात सिम्युलेटरवर शिकलेल्या डॉक्टरांच्या पेशंटना तपासणीचा त्रासही कमी झाल्याचं दिसलं. माझ्या लेखी हा दुसरा निकाल जास्त मोलाचा.

या प्रयोगातलं कळीचं वाक्य "पातळी गाठेपर्यंत" हे आहे. महागडं यंत्र घेऊन कोपऱ्यात ठेवलं, रेसिडेंटला "वेळ मिळेल तेव्हा करून बघा" सांगितलं, की त्यावर सहा महिन्यांत धूळ बसते. पुढच्या सगळ्या पायऱ्या हे टाळण्यासाठीच आहेत.

पहिली पायरी: कायद्याची बाजू आधी पक्की करा

गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. तेव्हा सोनोग्राफीचं प्रशिक्षण आखताना हा केंद्राचा कायदा, म्हणजे पीसीपीएनडीटी, कोपऱ्यात टाकून चालणार नाही.

निव्वळ सिम्युलेटरमध्ये ध्वनिलहरी निघत नाहीत. प्रोबसारखं दिसणारं उपकरण हलवलं की संगणक आधी साठवलेल्या प्रतिमा त्या कोनातून दाखवतो. फँटमचं तसं नाही. फँटम म्हणजे पुतळा, आणि तो पाहायला खरं मशिन लागतं. ते मशिन नोंदणीकृत केंद्राचं, त्या केंद्राच्या नोंदणीत असलेलं आणि त्याच जागी ठेवलेलं असावं. कार्यशाळेसाठी हॉलमध्ये पोर्टेबल मशिन आणून लावू नका. सिम्युलेटर आणतानाही समुचित प्राधिकाऱ्यांना (या कायद्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना) आधी पत्र द्या, उपकरण काय आहे ते लिहा, पोच घ्या आणि ती पोच लॅबच्या फाइलमध्ये लावा. तपासणीला पथक आलं की प्रोब पाहून प्रश्न विचारणारच, आणि तो त्यांचा हक्क आहे.

परदेशी सिम्युलेटरमध्ये बाह्य जननेंद्रियं दाखवणारे भाग असू शकतात. ते बंद करून घ्या, आणि बंद होत नसतील तर अभ्यासक्रमात धरू नका. त्या भागाकडे प्रोब वळवण्याची सवयच लागू नये, कारण हाताला लागलेली सवय पुढे खऱ्या खोलीत जाते. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगा. एमबीबीएस डॉक्टरांना सोनोग्राफी करण्यासाठी २०१४ च्या नियमांत सहा महिन्यांचं, ३०० तासांचं प्रशिक्षण सांगितलं आहे. सिम्युलेटरवर घालवलेले तास त्याची जागा घेत नाहीत.

दुसरी पायरी: काय शिकवायचं ते कमी करा

नवीन शिक्षकाला पहिल्याच आठवड्यात हृदयाचे चारही कप्पे शिकवायचे असतात. मीही सुरुवातीला तेच केलं. रेसिडेंटना फोर चेंबर व्ह्यू (हृदयाचे चारही कप्पे दाखवणारा छेद) ओळखता यायला लागला, पण प्लासेंटाची (वारेची) खालची कड कुठे संपते ते सांगता येईना. रात्री दोन वाजता लेबर रूममध्ये कामाला काय येतं याचा विचार केला की यादी आपोआप लहान होते.

पहिल्या सहा आठवड्यांत तीनच गोष्टी घ्या. एक, अल्फ्रेड अबुहमाद यांनी मांडलेली सहा टप्प्यांची मूलभूत तपासणी: बाळाची स्थिती, हृदयाचे ठोके, बाळांची संख्या, प्लासेंटाची जागा, गर्भजल आणि मोजमापं. दोन, डोकं, पोट आणि मांडीचं हाड यांची मोजमापं अचूक घेणं. तीन, ट्रान्सव्हजायनल तपासणी: लवकरची गर्भधारणा आणि गर्भाशयमुखाची लांबी. ॲनॉमली स्कॅन, म्हणजे बाळातली व्यंगं शोधणारी तपासणी, पुढच्या वर्षी.

तिसरी पायरी: खिशाप्रमाणे साधन निवडा

साधनं ढोबळमानाने तीन प्रकारची.

पहिला प्रकार संगणकी सिम्युलेटरचा. कार्डिफच्या मेडाफॉर कंपनीने आणलेला स्कॅनट्रेनर त्यातलाच. यात प्रोब दाबला की हाताला उलटा दाब जाणवतो, आणि प्रतिमा खऱ्या पेशंटच्या स्कॅनमधून साठवलेल्या असतात. ट्रान्सव्हजायनल शिकवायला याला तोड नाही. किंमत मोठी आहे, म्हणून एका विभागाने घेण्यापेक्षा प्रसूतिशास्त्र आणि रेडिओलॉजी यांनी मिळून मागणी करावी, वापराचं वेळापत्रक एकच ठेवावं.

दुसरा प्रकार फँटमचा. जपानच्या क्योटो कागाकू कंपनीचा २३ आठवड्यांच्या गर्भाचा फँटम अनेक ठिकाणी वापरतात. बाळाचं डोकं, पोट, हातपाय नीट दिसतात, मोजमापं घेता येतात. मर्यादा उघड आहे: ते बाळ हलत नाही, आणि चार-पाच तासांनी रेसिडेंटना त्याची जागा पाठ होते. म्हणून दर वेळी फँटम फिरवून ठेवा. काही फँटमना गर्भाचा भाग उलटा-सुलटा करायची सोय असते, ती वापरा.

तिसरा प्रकार स्वयंपाकघरातला. याला कोणी कमी लेखू नये. प्रोबच्या हालचाली आणि कॅलिपर (पडद्यावर माप घ्यायच्या खुणा) शिकवायला तो पुरतो. पाव लिटर पाण्याला २०-२५ ग्रॅम साधं, बिनवासाचं जिलेटिन घ्या. थंड पाण्यावर भुरभुरवून दहा मिनिटं फुगू द्या, मग मंद आचेवर विरघळवा, उकळू नका. त्यात एक मोठा चमचा बिनसाखरेचा इसबगोल हलक्या हाताने मिसळा. नुसतं जिलेटिन पडद्यावर काळं दिसतं, इसबगोलाने त्याला ऊतीसारखा करडा, दाणेदार पोत येतो. ढवळताना हवा शिरू देऊ नका, वर आलेला फेस चमच्याने काढा. अर्धं मिश्रण डब्यात ओतून फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्या. त्यावर विणायच्या प्लॅस्टिकच्या सुईचा नेमका ३५ मिलिमीटर तुकडा आणि ग्लोव्हच्या बोटात पाणी भरून, हवा काढून, बांधलेली छोटी पिशवी ठेवा. वस्तू तरंगू नयेत म्हणून आधी भोवती चमचाभर कोमट मिश्रण घालून चिकटू द्या, मग उरलेलं ओता. उरलेलं मिश्रण गरम असताना ओतलं तर खालचा थर वितळतो. सुई म्हणजे आपलं फीमर, पिशवी म्हणजे गर्भपिशवी. जिलेटिन नको असेल तर चायना ग्रास वापरता येतो, पण तो जरा ठिसूळ होतो. प्रोबला ग्लोव्ह चढवूनच वापरा. फ्रिजमध्ये ठेवलं तर काही दिवस टिकतं, बुरशीचा ठिपका दिसला की टाकून द्या.

चौथी पायरी: हाताच्या हालचाली, एका वेळी एकच

पहिला आठवडा बाळ शोधण्यात घालवू नका. डेप्थ, गेन, फोकस, झूम, फ्रीज आणि फ्रीज केल्यावर मागे जाण्याचं सिनेलूप, एवढी बटणं रेसिडेंटला न पाहता सापडली पाहिजेत. मी मॉनिटरवर चित्र मुद्दाम बिघडवून ठेवते: डेप्थ नको तेवढी जास्त, गेन इतका की सगळं पांढरं. "दुरुस्त कर" एवढंच सांगते. तीस सेकंदांत जमलं की पुढे.

मग प्रोब. सरकवणं, झुकवणं, डोलवणं, फिरवणं आणि दाबणं, या पाच हालचाली. नवशिक्या हातात पाचही एकदम होतात, म्हणून दिसलेलं प्लेन (हवा तो छेद) निसटतं. जिलेटिनच्या डब्यात सुईचा आडवा छेद पकडायचा, तो पडद्याच्या मधोमध ठेवायचा आणि प्रोब जागेवरून न हलवता फक्त फिरवत पूर्ण लांबी मिळवायची. मधे प्रोब सरकला तर पुन्हा पहिल्यापासून. दिसायला सोपा वाटणारा हा सराव बहुतेकांना पहिल्या दिवशी जमत नाही, आणि जमला की फीमर शोधण्याचा निम्मा त्रास संपतो. शेवटी कॅलिपर लावून लांबी मोजायची. ३५ च्या जवळ आली का? ३१ आली तर छेद तिरका गेलाय, ३८ आली तर कॅलिपर सुईच्या बाहेर पडलाय. खरं माप माहीत असणारी सोनोग्राफी आयुष्यात फार क्वचित मिळते, तिचा फायदा घ्या.

दिशांचं भान वेगळं शिकवावं लागतं. आडव्या छेदात प्रोबची खूण आईच्या उजवीकडे, उभ्या छेदात डोक्याकडे. हे पाठ सगळ्यांचं असतं, चुकतं बाळाची डावी बाजू ओळखताना. यासाठी एक कापडी बाहुली आणा, तिच्या छातीवर आणि पोटावर डावीकडे लाल टिकली लावा, एक हृदयाची आणि एक जठराची. पडद्यावर बाळ जसं दिसेल तशी रेसिडेंटने बाहुली हातात धरायची: डोकं खाली की वर, पाठ कुठल्या बाजूला. मग टिकल्या पडद्यावर कुठे यायला हव्यात ते आधी बोलून दाखवायचं आणि नंतर प्रोबने खात्री करायची.

पाचवी पायरी: सहा टप्पे, दर वेळी त्याच क्रमाने

दुसऱ्या आठवड्यापासून सिम्युलेटरवर किंवा फँटमवर पूर्ण तपासणी. प्रोब जघनास्थीच्या जरा वर आडवा ठेवून खाली डोकं आहे की पार्श्वभाग हे पाहायचं. मग हृदयाचे ठोके, मग सगळ्या गर्भाशयावरून प्रोब फिरवून बाळं किती ते मोजायचं. जुळं राहून जाण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: पहिलं बाळ दिसल्यावर शोध थांबतो. प्लासेंटा उभ्या छेदात पाहायचा आणि त्याची खालची कड गर्भाशयमुखाच्या आतल्या तोंडापासून (आतल्या मुखापासून) किती दूर आहे ते सांगायचं. २० मिलिमीटरपेक्षा जवळ असेल तर ट्रान्सव्हजायनल तपासणीने खात्री करायची. गर्भजलाचा सर्वांत खोल कप्पा मोजताना प्रोब जमिनीला काटकोनात हवा आणि त्या कप्प्यात नाळ किंवा हातपाय येता कामा नयेत. २ ते ८ सेंटिमीटर ही सर्वसाधारण मर्यादा.

रेसिडेंटने प्रत्येक टप्पा मोठ्याने बोलत करावा. सुरुवातीला लाजतात. पण बोलल्याशिवाय मला कळत नाही की तिने प्लासेंटा पाहिला की तो फक्त पडद्यावरून गेला.

सहावी पायरी: मोजमापांना गुण द्या

माझ्या मते सगळ्या प्रशिक्षणाचा गाभा इथे आहे. बाळाचं वजन कमी भरतंय म्हणून आईला दाखल करायचं की घरी पाठवायचं, हे पुष्कळदा पोटाच्या घेरावर ठरतं. तो घेर तिरक्या छेदात घेतला की आकडा चुकतो, वजनाच्या सूत्रात त्याचा वाटा मोठा असल्यामुळे अंदाजही चुकतो, आणि पुढे त्या आकड्याला सगळे खरं मानून चालतात. रिपोर्टवर छेद दिसत नाही, आकडा तेवढा दिसतो.

फ्रान्समधल्या सलोमाँ आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रतिमांना गुण देण्याची साधी पद्धत मांडली. डोक्याला ६, पोटाला ६, फीमरला ४, एकूण १६. निकष "आहे किंवा नाही" अशा स्वरूपाचे आहेत, त्यामुळे वाद होत नाहीत. ते मराठीत छापून मशिनशेजारी लावावेत असं मी सुचवेन:

- डोकं: छेद सममित आहे. थॅलॅमस (मेंदूच्या मध्यातले दोन भाग) दिसतात. कॅव्हम सेप्टी पेल्युसिडी (मेंदूच्या मध्यरेषेवरची द्रवाची पोकळी) दिसतं. सेरेबेलम (लहान मेंदू) दिसत नाही. डोक्याने चित्राचा निम्म्याहून जास्त भाग व्यापला आहे. कॅलिपर आणि लंबवर्तुळ बरोबर बसले आहेत.
- पोट: छेद सममित आहे. जठराचा काळा फुगा दिसतो. पोर्टल सायनस (यकृतातली रक्तवाहिनी) दिसतो. मूत्रपिंडं दिसत नाहीत. पोटाने निम्म्याहून जास्त चित्र व्यापलं आहे. कॅलिपर आणि लंबवर्तुळ बरोबर आहेत.
- फीमर: दोन्ही टोकं स्पष्ट आहेत. हाड आडव्या रेषेशी ४५ अंशांपेक्षा कमी कोनात आहे. हाडाने निम्म्याहून जास्त चित्र व्यापलं आहे. कॅलिपर बरोबर आहेत.

प्रत्येक सत्रात रेसिडेंटने तीन-तीन प्रतिमा साठवायच्या आणि आधी स्वतः गुण द्यायचे, मग मी देते. दोघींच्या गुणांत जो फरक येतो तो त्या दिवसाचा धडा. सुरुवातीला बहुतेक जण पोटाच्या छेदाला स्वतःला सहापैकी सहा देतात. मग मी विचारते, "मूत्रपिंड दिसतंय का?" दिसत असतं. म्हणजे छेद खाली घसरलाय. फासळ्या एका बाजूला तीन-चार आणि दुसऱ्या बाजूला एक दिसत असेल तर छेद तिरका आहे. पोट अंड्यासारखं लांबट दिसत असेल तर बहुतेक प्रोबचा दाब जास्त आहे किंवा कोन बिघडलाय. दुरुस्ती बोलून सांगण्याआधी रेसिडेंटला कारण शोधू द्या. तिचा हात मी शेवटच्या पर्यायाशिवाय धरत नाही, कारण माझ्या हाताने सापडलेलं प्लेन तिच्या हाताला लक्षात राहत नाही.

सातवी पायरी: ट्रान्सव्हजायनल

ही तपासणी पेशंटवर चाचपडत शिकणं मला सर्वांत जास्त खटकतं. प्रोब आत असताना डॉक्टरने "थांबा, दिसत नाहीये" म्हणत पाच मिनिटं घालवणं म्हणजे काय, ते बाईलाच ठाऊक. म्हणून माझा नियम: सिम्युलेटरवर उत्तीर्ण झाल्याशिवाय ट्रान्सव्हजायनल प्रोब पेशंटसाठी हातात घ्यायचा नाही. सिम्युलेटर नसेल तर आधी वरिष्ठांच्या किमान वीस तपासण्या शेजारी उभं राहून पाहायच्या आणि दर वेळी पुढची हालचाल कोणती होईल ते मनात ठरवायचं.

गर्भाशयमुखाच्या लांबीचा सराव असा: मूत्राशय रिकामं, प्रोब पुढच्या बाजूच्या फॉर्निक्समध्ये (गर्भाशयमुखापुढच्या योनीच्या खोबणीत), चित्र स्पष्ट झालं की दाब कमी करत थोडा मागे. दाब जास्त राहिला की गर्भाशयमुख खोटं लांब दिसतं. दाब जाणवून देणाऱ्या सिम्युलेटरवर हीच गोष्ट नीट शिकता येते. आतलं मुख, बाहेरचं मुख आणि मधली नलिका एका चित्रात हवी. तीनदा मोजायचं, सर्वांत कमी माप लिहायचं, आणि एकूण तीन-पाच मिनिटं थांबायचं, कारण तेवढ्यात आतलं मुख उघडताना दिसू शकतं. २४ आठवड्यांच्या आत २५ मिलिमीटरपेक्षा कमी लांबी म्हणजे वरिष्ठांना लगेच कळवायचं.

लवकरच्या गर्भधारणेत आकडे तोंडपाठ हवेत: गर्भ ७ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा असून ठोके नाहीत, किंवा पिशवीचा सरासरी व्यास २५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असून आत गर्भ नाही, तरच गर्भ वाढत नसल्याचं निदान. त्याखाली असेल तर थांबायचं आणि ठरावीक दिवसांनी पुन्हा पाहायचं. पहिल्या तिमाहीत ठोके एम-मोडवर (हालचाल रेषेने दाखवणाऱ्या पद्धतीत) दाखवायचे, पल्स डॉप्लर (रक्तप्रवाह मोजणारी पद्धत) उगाच लावायचा नाही, हीसुद्धा सवय सिम्युलेटरवरच लावा.

आठवी पायरी: उत्तीर्ण कोण, ते आधी ठरवा

तास मोजू नका, केसेसही मोजू नका. कोणाचा हात चार तासांत बसतो, कोणाचा दहा तासांत. डेन्मार्कच्या अभ्यासात ट्रान्सव्हजायनल सिम्युलेटरवर नवख्यांना अनुभवी पातळी गाठायला साधारण साडेतीन-चार तास लागले होते, पण सगळ्यांना तेवढेच लागतील असं धरू नका.

पातळी ठरवायची सोपी रीत: तुमच्या विभागातल्या चार-पाच अनुभवी डॉक्टरांना आणि तेवढ्याच नवख्यांना तीच परीक्षा द्यायला लावा. दोघांचे गुण कागदावर मांडले की मधली रेषा दिसते. ती तुमची उत्तीर्णतेची पातळी. रेसिडेंटने ती सलग दोनदा, दोन वेगळ्या दिवशी गाठली पाहिजे. अनुभवी डॉक्टरांना परीक्षेला बसवणं अवघड जातं, पण एकदा बसले की प्रशिक्षणाला त्यांचा पाठिंबाही मिळतो.

सिम्युलेटर स्वतः जे गुण दाखवतो त्यांवर डोळे झाकून विसंबू नका. यंत्र दीडशेच्या वर गोष्टी मोजतं, पण डेन्मार्कमध्ये तपासलं तेव्हा त्यातल्या जेमतेम एक तृतीयांश मोजमापांत नवखा आणि अनुभवी यांच्यात फरक दिसला. म्हणून शेजारी माणूस हवा आणि त्याच्या हातात ओएसएयूएस ही गुणपत्रिका हवी. त्यात तपासणीचं कारण, मशिनचं ज्ञान, चित्र सुधारणं, क्रमवार तपासणी, अर्थ लावणं, नोंद आणि पुढचा निर्णय अशा सात बाबींना पाचपैकी गुण देतात. रेसिडेंट "नोंद" या बाबीत हमखास मागे पडतात, म्हणून सरावातही एफ फॉर्मचा (पीसीपीएनडीटी कायद्याने गर्भवतीच्या सोनोग्राफीसाठी भरायच्या नोंदीचा) कोरा नमुना आणि रिपोर्ट पूर्ण लिहून घ्या.

वेळापत्रकाबद्दल थोडक्यात: आठवड्यातून दोनदा, दीड तास, ड्युटीनंतर नव्हे तर ड्युटीच्या वेळेत. दोघांच्या जोड्या करा. एक प्रोब धरेल, दुसरी गुणपत्रिका भरेल, मग अदलाबदल. कोपनहेगनच्याच गटाने जोडीने शिकवून पाहिलं तेव्हा जोडीतले एकट्याने शिकणाऱ्यांपेक्षा मागे पडले नाहीत. यंत्र एक आणि रेसिडेंट आठ अशा आपल्या ठिकाणी ही मोठी सोय आहे.

नववी पायरी: बोलायचा सराव

सिम्युलेटरशेजारी खुर्चीवर एखादी नर्स किंवा सहकारी पेशंट म्हणून बसवा. प्रोब सिम्युलेटरवर, बोलणं तिच्याशी. "ताई, जेल जरा थंड लागेल." "आता बाळाचं डोकं मोजते, दोन मिनिटं मी गप्प असेन, काळजी करू नका, मोजताना लक्ष लागतं." हे दुसरं वाक्य मी प्रत्येक रेसिडेंटकडून बोलून घेते. सुरुवातीला सांगितलेली ती भीतीदायक शांतता या एका वाक्याने संपते.

मग अवघड प्रसंग. सासूबाई आत येऊन विचारतात, "सगळं ठीक आहे ना? काय आहे?" या "काय आहे"चा अर्थ काय, ते आपल्याकडे सगळ्यांना कळतं. उत्तर आदराने, पण ठाम: "मावशी, ते आम्ही पाहत नाही आणि सांगत नाही. बाळाचे ठोके छान आहेत." आवाज न चढवता हे वाक्य तीनदा म्हणता आलं पाहिजे. आणि ठोके दिसत नाहीत तेव्हा? रेसिडेंटने एकटीने काहीच जाहीर करायचं नाही. "मला अजून नीट पाहायचं आहे, माझ्या वरिष्ठांना बोलावते," इतकं म्हणून उठायचं, बाईला एकटं सोडायचं नाही, फोन खोलीतूनच करायचा. आमच्याकडे एका सरावात पेशंट झालेली नर्स इथे खरंच रडली होती. तिने नंतर सांगितलं की तिच्या स्वतःच्या वेळी डॉक्टर काही न बोलता खोलीबाहेर निघून गेल्या होत्या. त्या दिवसापासून हा सराव मी वगळलेला नाही.

दहावी पायरी: खऱ्या पोटावर, पण तुकड्या-तुकड्याने

उत्तीर्ण झालेल्या रेसिडेंटला लगेच पूर्ण स्कॅन देऊ नका. पहिल्या दिवशी फक्त स्थिती आणि ठोके, बाकी तपासणी वरिष्ठ करतील. मग प्लासेंटा आणि गर्भजल, मग मोजमापं. पेशंटला आधी सांगून परवानगी घ्या आणि वेळेची मर्यादा ठेवा. मी पाच मिनिटं ठेवते, त्यानंतर प्रोब वरिष्ठांकडे.

सिम्युलेटरवर न भेटलेल्या गोष्टी इथे भेटतील, त्यांची कल्पना आधी द्या: जाड पोट, जुन्या सिझेरियनचा व्रण, कमी गर्भजल, सतत फिरणारं बाळ, पाठ वर करून झोपलेलं बाळ, उताणं झोपवल्यावर घाबरं होणारी आई. तिला डाव्या कुशीवर वळवा आणि तपासणी तशीच करा. चित्र येत नसेल तर तसं रिपोर्टमध्ये लिहायला शिकवा. "छेद नीट मिळाला नाही, पुन्हा पाहावं" हे लिहिणारी रेसिडेंट मला अंदाजाने आकडा लिहिणारीपेक्षा जास्त विश्वासाची वाटते.

दोन महिन्यांनी पुन्हा तपासा. प्रत्येक रेसिडेंटने घेतलेल्या दहा प्रतिमा मशिनमधून निवडा, पेशंटचं आणि रेसिडेंटचं नाव झाका आणि त्याच १६ गुणांच्या पत्रिकेवर दुसऱ्या शिक्षकाकडून तपासून घ्या. कोणाचे पोटाच्या छेदाचे गुण घसरले असतील तर तिला पुन्हा एक तास सिम्युलेटरवर पाठवा, फक्त पोटाच्या छेदासाठी.